पाण्याची पाळी

नवऱ्याच्या नोकरीपायी ॲरिझोनात आले तेव्हा माझ्या व्हिसावर कमवायची मुभा नव्हती. एच-फोरवर आलेल्या बायका सुरुवातीला वेळ कसा काढतात ते चँडलरमधल्या कुठल्याही मराठी घरात विचारा. कुणी मराठी शाळेत शिकवतं, कुणी लायब्ररीत पुस्तकं लावतं, कुणी नुसतीच ग्रीन कार्डाची वाट बघतं. मी खापरं घासायला लागले.

शेजारच्या गावातल्या एका छोट्या संग्रहालयाला स्वयंसेवक हवे होते. शिक्षणाने मी वाणिज्य शाखेची. पुरातत्त्व म्हणजे अजिंठा-वेरूळची सहल आणि पाठ्यपुस्तकातलं मोहेंजोदडो, एवढीच माझी पुंजी. पण कामाला डिग्री लागत नव्हती. पाण्याचा टब, जुना टूथब्रश आणि समोर कागदी पिशव्यांचा ढीग. प्रत्येक पिशवीवर खड्ड्याचा आणि थराचा नंबर. एका वेळी एकच पिशवी उघडायची, तिच्यातली खापरं घासून जाळीच्या ट्रेमध्ये त्याच नंबराच्या चिठ्ठीसकट वाळत टाकायची आणि मगच दुसरीला हात लावायचा. खापर कुठल्या थरातलं हे एकदा हरवलं की उरतं नुसतं फुटकं मडकं. काही पिशव्यांवर ‘धुऊ नका’ असं लिहिलेलं असे, कारण आतून चिकटलेला अन्नाचा अंश प्रयोगशाळेत तपासायचा असतो.

खापर धुऊन तिरप्या उजेडात धरलं की बारीक चमक दिसते. ते अभ्रक. हीला नदीकाठचे कुंभार मातीत अभ्रक असलेला शिस्ट खडक कुटून घालत, म्हणजे मडकं भाजताना तडकत नाही. बदामी अंग, त्यावर लाल रंगाच्या नागमोडी रेघा, कधी सरडे, कधी एकमेकांमागे चाललेले पक्षी. चाक या कुंभारांना माहीत नव्हतं. वळ्या रचून मडकं उभं करायचं आणि आतून दगड धरून बाहेरून लाकडी थापीने थापटायचं. आपला कुंभारही चाकावरून उतरवलेलं मडकं थापटूनच मोठं करतो, त्यामुळे आतल्या बाजूचे ते उथळ खळगे बोटाला लागले की मला लगेच कळायचं. हे मी आमच्या प्रशिक्षकांना सांगितलं तर त्यांनी मला त्या दिवसापासून खापरं वेगळी करायच्या टेबलावर बसवलं. साधी, लाल, बदामीवर लाल. काठ वेगळे, पोट वेगळं. आठवड्यातली एक सकाळ अशी जायची आणि मला ती हवीशी वाटायची.

ही माणसं कोण? पुरातत्त्वाच्या पुस्तकांत त्यांना होहोकम म्हणतात. आजच्या फीनिक्स आणि टूसॉनच्या परिसरात, सॉल्ट आणि हीला नद्यांच्या खोऱ्यांत, इसवीसनाच्या सुरुवातीपासून साधारण १४५० पर्यंत त्यांची गावं होती. मका, टेपरी नावाची काटक शेंग, भोपळा, कापूस ही पिकं. शिंपले कॅलिफोर्नियाच्या आखातातून यायचे, त्यांच्या बांगड्या व्हायच्या. मेक्सिकोकडून तांब्याची घुंगरं आणि मकाव पोपट. गावागावांत चेंडू खेळायची लंबगोल मैदानं. अशी दोनशेहून जास्त मैदानं सापडली आहेत. त्यांच्याभोवती बाजार भरत असावा आणि मोजक्या गावांत घडवलेली मडकी तिथून खोरंभर जात असावीत, असं डेव्हिड ॲबट या अभ्यासकाने मडक्यांच्या मातीवरून मांडलं आहे. हे समजल्यावर माझ्या टेबलावरच्या खापरांकडे बघायची नजर बदलली. तोवर मी रंग बघत होते. आता मातीत कुठली वाळू आहे ते बघू लागले.

पाहुण्यांचा ठरलेला प्रश्न असतो, इतकी वर्षं तुम्हाला कळतात कशी? उत्तर देताना मी ए. ई. डग्लस यांची गोष्ट सांगते, कारण ती मला फार आवडते. डग्लस खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरच्या डागांचं चक्र हवामानात उमटतं का हे तपासायला ते झाडांच्या वाढीची वलयं मोजत होते. ओल्या वर्षी जाड वलय, कोरड्या वर्षी बारीक. जिवंत झाडांपासून मागे मागे जाणारी एक साखळी त्यांच्याकडे होती आणि जुन्या वस्त्यांतल्या तुळयांची दुसरी, पण दोन्ही जुळत नव्हत्या. जून १९२९ मध्ये शो लो या गावात मिळालेल्या एका जळक्या तुळईने त्या जोडल्या आणि उत्तरेकडच्या दगडी वस्त्यांना एकदम नेमकी वर्षं मिळाली. गंमत अशी की आमच्या खोऱ्यात ही युक्ती फारशी चालतच नाही. इथल्या मेस्कीट आणि कॉटनवूडच्या लाकडात वाचता येतील अशी वलयं नसतात. त्यामुळे इथे चुलीच्या भाजलेल्या मातीत गोठून राहिलेली पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा मोजतात, कोळशाचा कार्बन तपासतात आणि खापरांच्या नक्षीचा क्रम लावतात. पाहुण्यांना एक सोपं उत्तर हवं असतं. ते देता येत नाही, हेच मला त्यांना सांगायचं असतं.

प्रशिक्षण हिवाळ्यात असतं, कारण उन्हाळ्यात इथे दुपारी दाराची कडीसुद्धा हाताला चटका देते. वर्गात स्लाइड, मग सहल. कूलिजजवळच्या कासा ग्रांदेला सगळेच नेतात. १३५० च्या सुमाराचं चार मजली मातीचं घर, कलीची म्हणजे चुनखडीच्या कडक मातीचं. १६९४ मध्ये फादर कीनो नावाचे धर्मप्रचारक तिथे आले तेव्हाच ते ओस होतं. १८९२ मध्ये अमेरिकन सरकारने राखून ठेवलेलं हे पहिलं पुरातत्त्वीय स्थळ, आणि १९३२ मध्ये त्याच्यावर उभारलेलं लोखंडी छप्पर आता स्वतःच जुनं झालं आहे. फोटो छान येतात. पण माझं मन अडकलं ते कालव्यांत.

फीनिक्समध्ये वर्षाकाठी जेमतेम १८-२० सेंटिमीटर पाऊस. एवढ्यात मका काय, गवत धरणंही कठीण. तरी या माणसांनी लाकडी टोकदार काठ्या, दगडी अवजारं आणि टोपल्या एवढ्यावरच, ना लोखंड, ना बैल, ना चाक, शेकडो किलोमीटरचे कालवे खणले. काही एकेक कालवे तीस किलोमीटरहून लांब, काही तीन मीटरहून खोल. पाणी डोंगरातल्या बर्फाचं, सॉल्ट नदीतून आलेलं. पुढे १८६७ मध्ये जॅक स्विलिंग नावाच्या माणसाने इथे कंपनी काढली आणि याच जुन्या चरांच्या वाटेने नवे कालवे काढायला घेतले. राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव गावाला दिलं गेलं ते म्हणूनच. १९२९ मध्ये ओमर टर्नी यांनी जुन्या कालव्यांचा नकाशा काढला तेव्हा काही अजून डोळ्यांना दिसत होते. आता त्यांच्यावर शहर आहे. विमानतळाला लागून असलेल्या सेदाव वाअकी संग्रहालयात (२०२३ पर्यंत त्याचं नाव प्वेब्लो ग्रांदे होतं) मातीचं मोठं जोतं आहे आणि जवळच जुन्या कालव्यांचे उंचवटे. डोक्यावरून विमानं जातात, त्यामुळे बोलताना मध्ये मध्ये थांबावं लागतं.

कालवा खरा कळला तो उभा कापलेला पाहिल्यावर. एका रस्त्याच्या कामाआधी तिथली जमीन तपासत होते. सरकारी पैशाचं काम असलं की १९६६ च्या कायद्याप्रमाणे आधी हे करावं लागतं, आणि या खोऱ्यातलं बहुतेक पुरातत्त्व असंच रस्त्यांच्या, पाइपलाइनींच्या पुढे पुढे धावत झालं आहे. आम्हा स्वयंसेवकांना परवानगी मिळाली. पिवळी हेल्मेटं घालून शिडीने चरात उतरलो. यंत्राने खणलेल्या चराची भिंत थापीने तासून गुळगुळीत केलेली आणि तिच्यात कालव्याचा आडवा छेद. मोठा, पसरट ‘यू’.

तिथल्या भूपुरातत्त्वज्ञांनी आम्हाला ती भिंत खालून वर वाचायला शिकवली. तळाशी जाड वाळू आणि बारीक गोटे, म्हणजे पाणी जोरात होतं. वर रेशमासारखा गाळ, म्हणजे वेग मंदावला. त्याच्यावर चिकणमातीची पट्टी, म्हणजे पाणी तुंबून राहिलं. चिकणमातीतले डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव भिंगाखाली ठेवले तर पाणी वाहतं होतं की साचलेलं, गोडं होतं की खारट, हेही कळतं. आणि मग त्यांनी पेन्सिलीने एक रेघ दाखवली. मोठ्या ‘यू’च्या आत, त्याचाच गाळ कापून बसलेला लहान ‘यू’. त्याच्या आत आणखी एक. दोन्ही बाजूंच्या काठांवर वेगळ्या रंगाचे उपसलेल्या मातीचे ढीग.

“गाळ काढलाय,” मी म्हणाले.

“अनेकदा,” ते म्हणाले. “हा कालवा एकदा खणला नाही, पुन्हा पुन्हा खणला.”

मी धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडची. आमच्या पांझरा नदीवर बंधारे आहेत आणि त्यांच्या पाटांवर फड. ज्यांनी फड पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बंधाऱ्याखालची सगळी जमीन मोठ्या तुकड्यांत विभागलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाळीपाळीने ऊस एका फडातून दुसऱ्यात जातो. पाणी शेतकरी स्वतः घेत नाही, पाटकरी देतो. जागल्या राखण करतो, हवालदार सगळ्यांवर देखरेख ठेवतो, त्यांना धान्याच्या रूपात मेहनताना. भांडण झालं तर पंच. तीन-चारशे वर्षं हे चालत आलं. माझ्या लहानपणी त्याची घडी विस्कटत चालली होती, विहिरी आणि मोटारी आल्या होत्या, पण हंगामाआधी पाट साफ करायला घरटी माणूस द्यायचं हे मात्र पाहिलं आहे. आजोबा त्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगत. गाळ सगळ्यात जास्त साचतो तो पाटाच्या मुखाशी. तो काढायला मुखाकडची चार घरं पुरत नाहीत. टेलकडचा, म्हणजे पाटाच्या शेवटाकडचा, माणूस कुदळ घेऊन आला नाही तर मुखाचाही पाट बुजतो. म्हणून वरच्याला खालच्याला पाणी द्यावंच लागतं, चांगुलपणा असो वा नसो.

हे मी चरात उभ्या उभ्या त्या तज्ज्ञांना सांगितलं. मग विचारलं, इथे हा गाळ काढायला कोण येत होतं? कुणाच्या सांगण्यावरून?

ते हसले. “गाळ काढला हे माझ्यासमोर भिंतीत आहे. कुणाच्या सांगण्यावरून, ते भिंतीत नाही. तुझी कल्पना चांगली आहे. ती खोटी ठरायची असेल तर काय सापडायला हवं, ते मला सांग.”

असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. परतीच्या वाटेवर मी त्यावरच विचार करत होते. मुखाकडचं गाव पाणी अडवून धरत असेल तर टेलकडची गावं लवकर उजाडायला हवीत. तिथल्या कोठारांत, कचऱ्यात मका कमी दिसायला हवा. दोन गावांतली मडकी एकमेकांकडे जायची थांबायला हवीत. म्हणजे माझ्या टेबलावरची खापरं, त्यांच्यातली वाळू, हे सगळं पाण्याच्या भांडणाचे साक्षीदार होऊ शकतात. मग मी मिळेल ते वाचायला लागले. कालव्यांच्या काठाने साधारण दर पाच किलोमीटरवर एक मोठं जोतं आहे, तिथून कारभार चालत असावा असं काहींचं म्हणणं. इतरांचं म्हणणं, राजा-सरदार नसतानाही गावं आपसात ठरवून पाणी वाटू शकतात. मला अर्थात दुसरं पटतं, आणि ते पटण्यामागे पुराव्यापेक्षा माझं साक्रीचं असणं जास्त आहे, हे मी दौऱ्यावरच्या लोकांना सांगून टाकते.

असाच वाद आपल्याकडेही आहे हे मला अमेरिकेत बसून कळलं. शिरूरजवळ घोड नदीकाठी इनामगाव. डेक्कन कॉलेजच्या सांकळिया, ढवळीकर, अन्सारी यांनी तिथे १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गावात पाच खोल्यांचं एक घर, शेजारी धान्याचं कोठार, आणि पाणी वळवायचा बंधारा आणि पाट. मोठं घर आणि कोठार शेजारी म्हणजे गावाला प्रमुख होता, असा ढवळीकरांचा निष्कर्ष. पुण्यात शिकत असताना त्या कॉलेजवरून मी कितीदा गेले असेन, आत कधी डोकावले नाही.

पुढच्या हिवाळ्यात मला शाळांच्या सहलींबरोबर उभं केलं. तिसरी-चौथीची मुलं, पिवळ्या बसमधून उतरतात, पहिला प्रश्न “डायनासोर कुठे आहेत?” दुसरा “इथे विंचू आहेत का?” (आहेत.) संग्रहालयाच्या मागे वाळूचा मोठा हौद होता, त्यात नकली खापरं, नकली हाडं पुरलेली. मुलं ब्रश घेऊन शोधायची. मुलांना तो फार आवडतो आणि मला तो अजिबात आवडत नाही. हौदातून मूल काय शिकतं? की जमिनीखाली मला सापडण्यासाठी काहीतरी ठेवलेलं आहे. मग तेच मूल घरच्यांबरोबर डोंगरावर जातं, खापर दिसतं, खिशात घालतं. सार्वजनिक जमिनीवरचं असं खापर उचलणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण आठ वर्षांच्या मुलाला कायदा सांगून काय होणार. त्याला पिशवीवरचा नंबर कळायला हवा.

म्हणून मी पिशव्यांचा खेळ आणला. दोन पिशव्यांत वेगवेगळ्या स्वयंपाकघरांतला कचरा: एकीत संत्र्याची साल, दुधाचं झाकण, लहान मुलाचा मोजा, दुसरीत औषधाची रिकामी पट्टी, चष्म्याची काडी, चहाची पिशवी. कोण राहतं ते ओळखा. मुलं पटापट ओळखतात. मग दोन्ही पिशव्या टेबलावर ओतून कालवायच्या आणि म्हणायचं, आता ओळखा. गोंधळ होतो, कुणीतरी चिडतं, “तुम्ही मिसळलं कशाला?” हेच मला ऐकायचं असतं.

आणि मग पाण्याचा खेळ. नवऱ्याकडून लाकडाची एक लांब पन्हळ करून घेतली, तिच्यात माती भरली, एक टोक विटेवर. मातीत मधोमध चर, त्याला चार चाऱ्या, प्रत्येक चारीवर आइस्क्रीमच्या काडीचं दार. चार गट, चार गावं, प्रत्येकाच्या वाफ्यात रंगीत कागदाची मक्याची रोपं. मी वरून एक जग पाणी ओतते. पहिल्या फेरीत नियम नाहीत.

व्हायचं तेच होतं. पहिलं गाव दार उघडतं ते बंदच करत नाही. त्यांच्या वाफ्यात तळं. दुसऱ्याला थोडंफार. चौथ्या गावातली मुलं चराकडे डोळे लावून बसलेली. एकदा चौथ्या गावातल्या एका मुलीने उठून सरळ पहिल्या गावाचं दार उपटलं. शिक्षिका ओरडल्या. मी म्हटलं, राहू दे, हेही उत्तरच आहे.

दुसऱ्या फेरीआधी पाच मिनिटं, नियम त्यांनीच करायचे. कुणी म्हणतं दहा आकडे मोजायचे. कुणी म्हणतं ज्याचा वाफा मोठा त्याला जास्त. आमच्या मराठी शाळेच्या मुलांना मी हाच खेळ एका रविवारी खेळायला दिला तेव्हा एक बाबा मध्येच पुढे झाले. त्यांचं शेत उजनीच्या कालव्याच्या टेलला. “आधी टेलला द्या, मग वर वर या,” ते मुलांना म्हणाले, आणि पाणीवापर संस्थेत हा नियम कसा असतो ते समजावू लागले. मुलांनी तसं केलं. पण जग रिकामा झाला तरी टेलला थेंब पोचला नाही, कारण कोरड्या चरानेच सगळं पिऊन टाकलं. “मावशी, धिस इज सो नॉट फेअर!” त्या बाबांनाच जास्त वाईट वाटलं. दुसरा जग ओतला तेव्हा मात्र ओल्या चरातून पाणी झरझर खाली गेलं. पहिलं पाणी कालवाच पितो, म्हणून पाळी तोडायची नाही, सलग चालवायची. हे मी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीआधी मी चराच्या मुखाशी दोन मुठी वाळू टाकते. पूर आला. आता गाळ काढायचा, पण एका गावाला फक्त एकच चमचा. पहिल्या गावाची मुलं एकटीच खरवडत बसतात, मग खालच्यांना हाका मारतात. खालची मुलं, ज्यांना आतापर्यंत पाणी मिळालं नाही ती, हाताची घडी घालून बघत राहतात. इथे मी काही बोलत नाही. आजोबांची गोष्ट सांगायची गरज पडत नाही.

याच वेळी मी त्यांना टूसॉनचे पाय दाखवते. तिथे रस्ता आणि पूल बांधायच्या आधी २०१५-१६ मध्ये जमीन तपासताना एका शेतात पावलांचे ठसे सापडले, अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीचे. ओल्या शेतातून मोठी माणसं चालली, बरोबर लहान मूल, एक कुत्रं. पुराच्या अभ्रकी गाळाने ते झाकून टाकले म्हणून टिकले. छायाचित्रात बोटंसुद्धा वेगळी दिसतात. मुलं लगेच बूट काढून आपला पाय कागदावर ठेवून बघतात.

हा सगळा कार्यक्रम बसवल्यावर संग्रहालयाने तो हीला नदीकाठच्या एका ओओदम शिक्षिकांना दाखवला. ओओदम हे इथले मूळ रहिवासी. ते होहोकमना आपले पूर्वज मानतात, हुहुगम म्हणतात. आमच्या प्रशिक्षणात त्यांचं एक सत्र असतंच. ‘नाहीशी झालेली संस्कृती’ म्हणायचं नाही, ‘गूढ’ म्हणायचं नाही. १४५० च्या सुमाराला मोठी गावं मोडली हे खरं. पूर, दुष्काळ, खारावलेली जमीन, आपसांतली भांडणं, अभ्यासकांत एकमत नाही. पण माणसं कुठे गेली नाहीत, छोट्या वस्त्यांत राहिली, नदीकाठी शेती करत राहिली. दफनातल्या वस्तूंची छायाचित्रं आम्ही दाखवत नाही; १९९० च्या कायद्यानंतर अशा वस्तू आणि अस्थी वंशजांना परत करण्याचं काम चालू आहे. एका पालकांनी विचारलं होतं, मग शास्त्राचं काय? मला विचाराल तर आपल्या आजीच्या अस्थी काचेच्या कपाटात कुणाला बघायच्या असतात?

त्या शिक्षिकांनी खेळ शेवटपर्यंत शांतपणे पाहिला. म्हणाल्या, चांगला आहे, पण तुझी गोष्ट १४५० ला थांबते. आणि पन्हळीच्याही वर, जिथून मी पाणी ओतते तिथे, त्यांनी एक खुर्ची ठेवली. पुढच्या वर्गाच्या वेळी त्या खुर्चीवर एका मुलाला बसवलं आणि त्याच्या हातात रिकामी बादली दिली. मी जग तिरपा केला की त्याने पाणी बादलीत घ्यायचं. चारही गावांनी आधीच नियम केले होते, फार छान नियम होते. कुणाच्याच दारापर्यंत पाणी आलं नाही.

“त्याला सांगा, त्यालाही नियम लागू आहेत,” एक मुलगी म्हणाली.

“तो आपल्या गावातला नाहीये ना,” शेजारचा म्हणाला.

मग त्या शिक्षिकांनी सांगितलं. सोन्याच्या मागे कॅलिफोर्नियाला निघालेल्यांना त्यांच्या पणजोबांच्या पिढीने गहू विकला होता, एवढं पिकत होतं. १८७० नंतर नदीच्या वरच्या अंगाला नव्या वसाहतवाल्यांनी पाणी वळवलं, १८८० च्या दशकात फ्लॉरेन्सचा कालवा झाला, आणि हीला कोरडी पडली. शेतकऱ्यांच्या घरात उपासमार आली. हक्काचं पाणी कायद्याने मान्य व्हायला २००४ उजाडलं. आकडा एकर-फुटांत आहे, वर्षाला ६,५३,५००. मराठी शाळेत मी तो टीएमसीत करून सांगते: साधारण साडेअठ्ठावीस. खडकवासला साखळीतली चारही धरणं मिळून जवळपास तेवढीच. ही मुलं उन्हाळ्याच्या सुटीत पुण्याला जातात, त्यांना पानशेत माहीत असतं.

एका शाळेने नंतर कळवलं की खुर्चीचा भाग वगळता आला तर बरं, लहान मुलांना तो जड होतो. आम्ही वगळला नाही, क्रम तेवढा बदलला: आधी डबा, मग खुर्ची. आता मला कामाचा परवाना मिळाला आहे, एका ऑफिसात हिशेब बघते, त्यामुळे संग्रहालयात फक्त शनिवारी जाते. पन्हळ नव्या स्वयंसेवकांकडे दिली आहे. तिचं लाकूड फुगलं आहे, तळातून गळते, प्लास्टिकची करायला हवी. खेळ झाल्यावर पुन्हा कुणाला खेळायचं आणि कुठे बसायचं असं विचारलं तर थोडे हात पहिल्या गावासाठी वर होतात, एखादा चौथ्यासाठी. बाकी सगळ्यांना वरच्या खुर्चीवर बसायचं असतं.